पहिल्यांदा कोणी हसत नाही

टाळीचं वाक्य पहिल्यांदा बोललं जातं तेव्हा ते टाळीचं नसतं. 'द टर्मिनेटर' १९८४ साली आला. त्यात अर्नोल्ड श्वार्झनेगर पोलीस ठाण्यात जाऊन एका बाईबद्दल विचारतो. टेबलामागचा पोलीस त्याला थांबायला सांगतो. हा इकडेतिकडे बघून जागेचा अंदाज घेतो आणि 'आय'ल बी बॅक' एवढंच म्हणून निघून जातो. म्हणजे दाराबाहेर पडताना आपण रोज म्हणतो तेच, 'येतो परत'. ऐकल्या ऐकल्या शिट्टी वाजवावी असं त्यात काहीच नाही. थोड्याच वेळात तो मोटार घेऊन ठाण्याचं दार फोडत थेट त्या टेबलावर येतो आणि मग मागचं वाक्य डोक्यात लख्ख पेटतं. श्वार्झनेगरच्या जिभेला तर त्यातला 'आय'ल' वळत नव्हता. त्यापेक्षा सरळ 'आय विल' म्हणतो, असं त्याचं म्हणणं होतं, पण दिग्दर्शक जेम्स कॅमरून बधला नाही. पुढे हाच नट तेच वाक्य इतर सिनेमांत म्हणत राहिला आणि लोक ते यायच्या आधीच हसू लागले. वाक्य तेच, माणूस तोच. बदलला होता तो प्रेक्षक.

गाजलेल्या वाक्यांचं श्रेय आपण लेखकाला देतो, नटाला देतो, फार तर दिग्दर्शकाला. या सगळ्यांचा मिळून वाटा निम्मा असेल, त्याहून जास्त नाही, असं माझं मत होत चाललंय. उरलेलं काम ऐकणारा करतो. तो वाक्य उचलतो, हवं तिथे कापतो, त्यात स्वतःचा एखादा शब्द घालतो, भलत्याच प्रसंगी वापरतो, आणि मग मूळ मालकाने येऊन 'अहो, मी असं म्हणालोच नव्हतो' म्हटलं तरी त्याला कोणी विचारत नाही.

हे शेवटचं मी गमतीने म्हणत नाही. शेरलॉक होम्स म्हटलं की जे वाक्य जगभर लोकांच्या तोंडी येतं, 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन', ते कॉनन डॉयलच्या एकाही होम्सकथेत तसंच्या तसं नाही. १८९३ सालच्या एका कथेत 'माय डिअर वॉटसन' आहे आणि काही ओळींनंतर नुसतं 'एलिमेंटरी' आहे. दोघांचं लग्न वाचकांनी लावून दिलं. १९४२ च्या 'कॅसाब्लांका'मधलं 'प्ले इट अगेन, सॅम' त्या सिनेमात कोणीच म्हणत नाही. नायिका म्हणते ते 'प्ले इट, सॅम', त्यात 'अगेन' नाही. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मध्ये खलनायक डार्थ व्हेडर म्हणतो, 'नो, आय ॲम युवर फादर.' लोक म्हणतात, 'ल्यूक, आय ॲम युवर फादर.'

ही शेवटची चूक मला फार आवडते, कारण ती बारकाईने पाहिली तर चूक वाटतच नाही. पडद्यावर नायक ल्यूक समोर लोंबकळतोय, त्याचं नाव घ्यायची गरज नाही. 'नो' म्हणायची मात्र आहे, कारण आधीच्या वाक्याला ते उत्तर आहे. पण हेच वाक्य मित्रांच्या कोंडाळ्यात टाकायचं तर सगळं उलटं होतं. तिथे आधीचं वाक्य कोणी बोललेलं नसतं, म्हणून 'नो' निरुपयोगी. आणि आपण कुठला सिनेमा बोलतोय हे कळायला हवं, म्हणून 'ल्यूक' आवश्यक. एका शब्दाची अदलाबदल झाली आणि प्रसंगातून उपटलेलं वाक्य स्वतःचा प्रसंग बरोबर घेऊन फिरू लागलं. हे संपादन कोणी एकट्याने केलं नाही. ते तोंडातोंडी घडलं, आणि इतकं चोख घडलं की पगारी संपादकाला जमलं नसतं.

मराठीतही अशी चोख उदाहरणं आहेत, पण तिथे मला दुसरीच गोष्ट दिसते. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. त्यातलं 'हा माझा बायको पार्वती' अजून वापरात आहे. लग्नाच्या फोटोखाली, मित्राची ओळख करून देताना, कार्यालयात नवा माणूस आल्यावर, कुठेही. ते टिकलं कशामुळे? मला वाटतं, त्यातल्या व्याकरणाच्या घोळामुळे. घर मिळावं म्हणून पुरुषांनी बायकांचं सोंग घेतलंय, हे त्या सिनेमाचं कथानक, आणि ते सगळं कथानक 'हा' आणि 'माझा' या दोन शब्दांत सांडून गेलंय. बोलणाऱ्याची जीभ खरं बोलते आणि 'बायको' म्हणत डोकं खोटं सावरायला धावतं. 'ही माझी बायको पार्वती' असं शुद्ध वाक्य असतं तर दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहिलं असतं? याच सिनेमातलं 'सत्तर रुपये वारले' तसंच. माणूस वारतो, रुपये वारत नाहीत. क्रियापद भलत्याच घरी जाऊन बसलंय. बुडालेल्या पैशांचं दुःख त्या चुकीच्या घरातून जितकं हसत बाहेर पडतं, तितकं बरोबर वाक्यातून पडलं नसतं.

वाक्याला कुठेतरी खोच असावी लागते, म्हणजे ते मनात अडकतं. साफ गुळगुळीत वाक्य ऐकलं की निसटतं. खोच व्याकरणाची असेल, उच्चाराची असेल, नाहीतर नुसत्या तालाची.

तालाचं अलीकडचं उदाहरण सगळ्यांनाच पाठ आहे. जून २०२२ मध्ये राजकीय धामधुमीत गुवाहाटीच्या हॉटेलात असलेले आमदार शहाजीबापू पाटील एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील', आणि त्या संभाषणाचं रेकॉर्डिंग हा हा म्हणता सगळीकडे पोचलं. हे वाक्य कोणी लिहिलेलं नव्हतं, कोणी तालमीत घोटलेलं नव्हतं. माणूस सहज बोलून गेला. पण रचना बघा. तीनदा 'काय', क्रियापद एकदाही नाही. झाडी आणि डोंगार या दोन पायऱ्यांवर आपण निसर्गाकडे चढत असतो आणि तिसऱ्या पायरीवर धाडकन हाटील. शिवाय बोलीतला तो दीर्घ 'डोंगार', ज्याच्यामुळे प्रमाण भाषेतला डोंगर एकदम बुटका वाटू लागतो. यातला खरा ऐवज साच्यात आहे. त्या आठवड्यात लोकांनी त्यात रस्ते घातले, खड्डे घातले, परीक्षेचे पेपर घातले, सासरवाडी घातली. त्या राजकारणावर खूश असलेल्यांनी ते वापरलं आणि संतापलेल्यांनीही तेवढ्याच हौसेने वापरलं. कोणाची बाजू घ्यायची हे वाक्याने ठरवलंच नव्हतं, म्हणून ते दोन्हीकडे राबलं.

तेव्हा एक गोष्ट नक्की, की अशा वाक्यात ऐकणाऱ्याला हात घालायला जागा असावी लागते. नभोवाणीच्या लोकांना हे फार आधी कळलं होतं. बीबीसीवर १९३९ ते १९४९ या काळात 'इट्स दॅट मॅन अगेन' नावाचा विनोदी कार्यक्रम लागायचा. विनोदी नट टॉमी हँडली मध्यभागी, आणि बाकीची पात्रं एकामागून एक दार उघडून आत येणार, दोन विनोद करून जाणार. रेडिओवर चेहरा नाही, पोशाख नाही, मग कोण आलं हे कळायचं कसं? दाराचा आवाज आणि लगेच त्या पात्राचं ठरलेलं वाक्य. सफाईवाली मिसेस मॉप यायची ती 'कॅन आय डू यू नाऊ, सर?' असं विचारतच. कर्नल चिनस्ट्रॅप नावाचा एक पिदक्कड होता. समोरचा काहीही बोलो, याला त्यात पेयाचं आमंत्रण ऐकू यायचं आणि हा म्हणायचा, 'आय डोन्ट माइंड इफ आय डू.' म्हणजे 'घेतो की थोडी.' या दुसऱ्या वाक्याची करामत अशी, की विनोद आधीच्या वाक्यात असतो आणि श्रोत्याला तो कर्नलच्या अर्धा क्षण आधी दिसतो. आता हा तेच म्हणणार! आणि तो तेच म्हणतो. महायुद्धाच्या दिवसांत, बाहेर उद्याचा भरवसा नसताना, दर आठवड्याला एक गोष्ट तरी ठरल्याप्रमाणे घडायची. त्या कार्यक्रमाच्या लोकप्रियतेत या भरवशाचा वाटा मोठा असणार.

ओळख पटवणं हे काम तर रेडिओच्याही शेकडो वर्षं आधीचं. 'तुका म्हणे' हे शब्द कानावर पडले की अभंग कोणाचा ते विचारावं लागत नाही. 'एका जनार्दनी', 'नामा म्हणे' तसंच. कागदावर नाव छापलेलं नसताना, रचना गळ्यागळ्यातून पुढे जात असताना, नाव पदातच गुंफून टाकलेलं बरं. मात्र त्याचीही दुसरी बाजू आहेच. नावाची ही मुद्रा इतकी ओळखीची झाली की ती कोणालाही लावता येते. तुकोबांच्या नावावर इतरांची पदं चढली, ती वेगळी काढता काढता अभ्यासकांना घाम फुटला, आणि आज कोणीही दोन ओळी जुळवून खाली 'तुका म्हणे' ठोकून देतो. इथेही शेवटी मालकी ऐकणाऱ्याकडेच गेली.

पडद्यावरची आणि पोथीतली उदाहरणं पुरे. मला यापेक्षा जास्त ओढ आहे ती आसपासच्या माणसांच्या पालुपदांची. 'खरं सांगू का' म्हणणारे. 'माझं एकच म्हणणं आहे' असं म्हणून सात मुद्दे मांडणारे. 'चुकत असेन तर थांबवा' म्हणणारे, ज्यांना आजवर कोणी थांबवू शकलेलं नाही. 'बघू' म्हणणारे. 'बरोबर की नाही?' असं विचारून उत्तराची वाट न पाहणारे. 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, ते थोडक्यात होणार नाही.

आम्हाला शाळेत गणिताला एक सर होते. दर चार वाक्यांनी 'म्हणजे पाहा, कसं आहे' हे त्यांचं ठरलेलं. मागच्या बाकांवर वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढल्या जायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आणि तास संपला की बेरीज. गणिताच्या तासाला वर्गात मन लावून केलेलं गणित बहुधा तेवढंच. एकदा सर कुठल्याशा प्रमेयात असे बुडाले की बराच वेळ झाला तरी ते वाक्य येईना. पेन्सिली हवेत थांबल्या. कोणीतरी घड्याळ बघितलं. पुढच्या बाकांवरची हुशार मुलंसुद्धा, जी या उद्योगात नसत, मागे वळून बघू लागली. फळ्यावर शेवटची ओळ लिहून सर वळले, हातावरची खडूची भुकटी झटकली आणि म्हणाले, 'म्हणजे पाहा...' आणि सबंध वर्गाने एका आवाजात पूर्ण केलं, 'कसं आहे!' सर दचकले. मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

आंरी बर्गसन या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हसण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं. डबीतून उसळणारी स्प्रिंगची बाहुली दाबली की खाली, सोडली की वर. विनोदातलं पुन्हा पुन्हा येणारं वाक्य तसंच. त्याच्या मते असं हसणं ही समाजाने दिलेली सौम्य शिक्षा, 'जागा हो' म्हणून मारलेली टपली. सरांच्या वर्गापर्यंत मला हे पटतं आणि मग अडतं. आम्ही रेघा ओढत होतो तेव्हा ती थट्टा होती, मान्य. पण सगळ्यांनी मिळून वाक्य पूर्ण केलं तेव्हा त्यात शिक्षा नव्हती. तोपर्यंत ते वाक्य आमचंही झालं होतं, आणि सरांनीही ते आमच्याकडून परत घेतलं नाही.

पुन्हा पुन्हा कानावर पडलेलं आवडू लागतं, हे प्रयोगांनीही दाखवलंय. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली ते प्रसिद्ध केलं. लोकांना अर्थ नसलेले बनावट शब्द दाखवले, काही एकदाच, काही अनेकदा, आणि नंतर विचारलं की या शब्दाचा अर्थ चांगला असेल की वाईट. जे जास्त वेळा दिसले त्यांचा अर्थ लोकांना जास्त चांगला वाटला. अर्थ मुळात नव्हताच! पुढे १९७७ साली आणखी एका प्रयोगात दिसलं, की एकच विधान दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा ऐकवलं तर लोकांना ते अधिक खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. मग घोषणा का चालतात, याचं फार आश्चर्य वाटायचं कारण उरत नाही. रोमच्या सिनेटमध्ये म्हातारा केटो भाषणाचा विषय कोणताही असला तरी शेवटी 'आणि माझ्या मते कार्थेज नष्ट झालंच पाहिजे' असं जोडायचा, असं चरित्रकार प्लूटार्कने नोंदवलंय. कार्थेज म्हणजे रोमचं वैरी शहर. केटो इसवी सनपूर्व १४९ मध्ये गेला. कार्थेज इसवी सनपूर्व १४६ मध्ये जमीनदोस्त झालं. वाक्याने शहर पाडलं असं मी म्हणणार नाही, सैन्याने पाडलं. पण तीच ओळ ऐकून ऐकून सभागृहाच्या कानाला ती कल्पना सवयीची झाली असणार, आणि सवयीच्या गोष्टीला विरोध करताना माणसाला आपणच आगाऊ आहोत असं वाटू लागतं.

याच वळणावर वाक्यांचा दुसरा गोतावळा सुरू होतो आणि तो मला आवडत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधल्या विचारपरिवर्तनाच्या सक्तीवर १९६१ साली पुस्तक लिहिलं. विचार जिथल्या तिथे थांबवणाऱ्या तयार वाक्यांचं वर्णन त्यात आहे. गुंतागुंतीचा प्रश्न आला की एक आटोपशीर, चटकन पाठ होणारं वाक्य पुढे करायचं, विषय संपला. त्यासाठी हुकूमशाही लागते असं मुळीच नाही. 'चालायचंच.' 'हे असंच असतं.' 'आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही.' 'तुला नाही कळायचं.' अशा वाक्याला पुढे काही जोडून बघा, जोडताच येत नाही. सरांचं 'म्हणजे पाहा' वर्गाला पूर्ण करता आलं, कारण ते पुढे उघडं होतं. 'तुला नाही कळायचं' कोण पूर्ण करणार?

तरी अशा तयार वाक्यांवर सरसकट तुटून पडायची घाई मला नाही. शेजारच्या काकांचं निधन झालं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण काकूंना एकच वाक्य सांगत होता, 'काही लागलं तर सांगा हं.' मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्कीने १९२३ साली लिहून ठेवलंय, की माणसांचं पुष्कळसं बोलणं माहिती द्यायला नसतंच. दोघांच्या मधली शांतता अवघड होऊ नये, नातं शाबूत आहे हे कळावं, एवढ्यासाठी ते असतं. मरणाच्या दारात स्वतःचे शब्द शोधायला जाणारा माणूस हटकून काहीतरी विचित्र बोलून बसतो. तिथे सगळ्यांनी वापरून वापरून मऊ केलेलं वाक्यच बरं. काकूंनी मात्र त्या वाक्याला एकदा चांगलंच धरलं. एक गृहस्थ नेहमीप्रमाणे 'काही लागलं तर सांगा' म्हणून चपला पायात सरकवत होते. काकू म्हणाल्या, 'हो, लागेल ना. बँकेत नॉमिनीचा फॉर्म द्यायचाय, तिथलं मला काही कळत नाही. उद्या साडेदहाला याल?' गृहस्थांचा एक पाय चपलेत, एक बाहेर. पण आले हो. साडेदहाला आले आणि पुढेही पेन्शनचे कागद पुरे होईपर्यंत येत राहिले. त्या दिवसात ते वाक्य शंभर जणांनी म्हटलं असेल, ते खरं ठरलं ते काकूंनी ऐकल्यामुळे.

घराघरातल्या वाक्यांचा कारभार आणखी वेगळा. ती बाहेर कुठेच चालत नाहीत आणि म्हणूनच आत फार चालतात. माझा भाचा तीनेक वर्षांचा असताना त्याच्या हातून आरसा फुटला. कोणी फोडला, असं विचारल्यावर तो तुकड्यांकडे बघत गंभीरपणे म्हणाला, 'तो आपला आपणच पडला.' त्या दिवसापासून आमच्या घरात चूक कोणाचीच होत नाही. गाडीला ओरखडा पडला, आपला आपणच पडला. परीक्षेत नापास, आपला आपणच पडला. बाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं काय ते समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगितलं की उरलंसुरलं हसूही जातं. धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा त्याची बायको नव्यानव्याने जरा आक्रसून असायची. आम्ही सगळे अशाच कुठल्या वाक्यावर हसत सुटलो की ती सभ्यपणे हसल्यासारखं करायची. ते मलाच अवघड व्हायचं. एकदा तिच्या हातातून माझ्या आईचा फोन सुटला, फरशीवर आपटला, काचेला तडा गेला. सगळे गप्प. तिने फोन उचलला, तड्याकडे बघितलं आणि एक शब्द न हलवता, अगदी त्याच गंभीर चालीत म्हणाली, 'तो आपला आपणच पडला.' आई तर हसताहसता खालीच बसली. कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं तिला. तिने चाल ऐकून ठेवली होती आणि योग्य वेळेची वाट बघितली होती. घरात येण्याचे विधी वगैरे आधीच झालेले होते, पण ती खऱ्या अर्थाने घरची झाली ती त्या वाक्याने, असं आई अजून सांगते.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवते. 'शोले' १९७५ मध्ये आला, त्यानंतर त्याच्या गाण्यांखेरीज संवादांचीही वेगळी तबकडी पॉलिडोर कंपनीने काढली आणि ती तुफान खपली. लोक सिनेमा नुसता ऐकायचे. ऐकून पाठ करायचे आणि मग आपल्या आवाजात म्हणायचे. प्रत्येकाचा गब्बर वेगळा. कोणाचा किरटा, कोणाचा नाकातून बोलणारा, कोणाचा मध्येच ठसका लागून थांबणारा. अमजद खानची नक्कल कोणालाच हुबेहूब जमायची नाही, आणि न जमण्यातच मजा होती. आता मूळ आवाज जसाच्या तसा उचलून आपण त्यावर फक्त ओठ हलवतो. नक्कल अचूक झाली आणि नक्कल करणारा गायब झाला. वाक्य तोंडातून जाताना थोडं वाकायचं, झिजायचं, कोणाच्या तरी बोलीचा वास घेऊन यायचं, ते आता होत नाही. त्यामुळेच की काय, पूर्वी एखादं वाक्य पिढी दोन पिढ्या पुरायचं, आता महिनाभरात त्याचा कंटाळा येतो.

याच्या उलट टोकाला एक छान गोष्ट आहे. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या होमरचा तो प्रसिद्ध 'डोह!' संहितेत कधी लिहिलेला नव्हता. तिथे कंसात फक्त 'चिडका हुंकार' अशा अर्थाची सूचना असायची. डॅन कॅस्टेलनेटा या आवाज देणाऱ्या नटाला लॉरेल आणि हार्डीच्या सिनेमांतल्या जेम्स फिनलेसनचा लांबलचक 'डोऽऽह' आठवला. तेवढं लांब चालणार नाही, वेळ कमी आहे, असं सांगितल्यावर त्याने तो तोडून आखूड केला. २००१ साली ऑक्सफर्डच्या कोशाने त्याला जागा दिली. एका नटाने दुसऱ्या नटाकडून ऐकलेला, घाईत कापलेला हुंकार. तो कोणाचा म्हणायचा?

ठरवून असं वाक्य करता येतं का, याचाही एक नमुना मी जवळून पाहिलाय. एका कार्यालयात आमचे एक वरिष्ठ होते. स्वतःचं असं एक वाक्य असावं ही त्यांना हौस. 'जमवूया आणि जिंकूया' हे त्यांनी विचारपूर्वक तयार केलं. मीटिंगच्या शेवटी ते म्हणायचे, ईमेलच्या खाली टाकायचे, एका वर्धापनदिनाला त्यांनी ते मगांवरही छापून घेतलं. कोणाच्याही तोंडी ते कधी बसलं नाही. त्यात जागाच नव्हती. त्याला उत्तर काय देणार? पण त्यांना स्वतःला ठाऊक नसलेली एक सवय होती. कोणाचं काम पटलं नाही की ते खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, 'मी काही म्हणत नाही.' आणि मग पाऊण तास म्हणायचे. हे वाक्य सगळ्या मजल्यावर पसरलं. शिपाई लिफ्ट बंद पडल्यावर म्हणायचे, हिशेब विभागातल्या बाई बिलं परत पाठवताना म्हणायच्या, शिकाऊ मुलंमुली आल्यापासून आठवड्याभरात म्हणू लागायची. त्यांच्यासमोर अर्थातच कोणी नाही. ते निवृत्त झाले तेव्हा भलंमोठं भेटकार्ड केलं होतं. त्यावर सगळ्यांच्या सह्या, आणि मध्यभागी कोणीतरी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'साहेब, आम्ही काही म्हणत नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा वर सरकवून आमच्याकडे बघितलं आणि जरा हिरमुसून म्हणाले, 'का बरं? आज तरी म्हणा की काहीतरी.'